कॉमेंटांवर कायम

वर्तमानपत्रात होतो तेव्हा चूक छापली की दुसऱ्या दिवशी वाचकाचा फोन यायचा. हैदराबादच्या या डिजिटल कंपनीत चूक लगेच दुरुस्त करता येते आणि शिवीही लगेच खाता येते. बाकी एसी आहे, चहा फुकट आहे. आमचे प्रमुख तेलुगू असल्यामुळे मराठी मजकुरात ढवळाढवळ करत नाहीत. ते फक्त भिंतीवरच्या स्क्रीनवरचे प्रेक्षकांचे आकडे बघतात. ही सोयही आहे आणि गैरसोयही.

मराठी डेस्कवर आम्ही दोघंच, मी आणि एक नवी निवेदिका. मी बातम्या लिहायचो, ती कॅमेऱ्यासमोर वाचायची. ती इथल्याच चिक्कडपल्लीत वाढलेली. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी. देवनागरी तिला अडखळतच वाचता यायची, म्हणून माझी बातमी रोमन लिपीत करून कॅमेऱ्याजवळच्या प्रॉम्प्टरच्या पडद्यावर चढायची. शुक्रवारी तिचा प्रोबेशनचा काळ संपणार होता. नोकरी कायम झाली तर स्थळं बघणं थांबवायचं, नाही तर नांदेडच्या मुलाला होकार द्यायचा, असा तिचा आईशी करार झाला होता.

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

"अच्छा आहे, काका. पण लग्नानंतर नोकरी कशाला, करून विचारला. मी बोलले, तू का करतो मग?"

गुरुवारी दुपारी लाइव्ह बुलेटिन होतं. धरणातून पाणी सोडणार होते. प्रॉम्प्टर चालवणाऱ्याला मराठी येत नव्हतं. त्याने माझी देवनागरी फाईलच लावली. ती दोन शब्दांवर अडखळली, मग प्रॉम्प्टर बघायचं तिने सोडूनच दिलं.

"ऐका, धरणाचं पाणी येऊलालंय. नदीकडं नक्को जाऊ. ढोरं जल्दी वर घ्या. आणि सेल्फीवाले, तुम्ही तर घरीच बसा. मागून आई परेशान होते."

कॉमेंट धो धो आल्या. 'ही कुठली मराठी?' 'हिला आधी शाळेत घाला.' 'भाषेचा खून.' त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'आमची आत्या असंच बोलते, तिला पण शाळेत घालू का?' मग आत्येच्या बाजूचे आणि शाळेच्या बाजूचे एकमेकांवर तुटून पडले.

ती मेकअप न पुसताच माझ्या टेबलाशी आली. "गेली ना काका, नोकरी?"

उत्तर द्यायच्या आत प्रमुख आले. स्क्रीनवरची रेघ वर चढत होती. "लोक काय म्हणतायत?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"भाषेवर चर्चा करतायत," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं.

"एवढी?"

"थांबायचं नाव घेत नाहीत."

शुक्रवारी तिला कायम केलं. अट एकच होती: बोलण्याची पद्धत बदलायची नाही. बाहेर येऊन तिने आईला फोन लावला, "हौ अम्मा, झाली. नांदेडवाल्यांना 'नक्को' बोलून सांग," आणि फोन ठेवून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. कारण दुसरा आदेश माझ्यासाठी होता: सोमवारपासून सगळ्या बातम्या तिच्या भाषेत लिहायच्या.

"'नागरिकांनी सतर्क राहावे' काढा," ती म्हणाली.

"मग काय लिहू?"

"'हुशार राहा रे बाबांनो.'"

मी लिहिलं.

"'बाबांनो'नंतर थोडं थांबा, काका. मला श्वास घ्यायला लागतो."