मोटर बंद असताना काढलेला मृगाचा फोटो

मी आज जो कोणी आहे, तो विश्वनाथ गुरुजींमुळे. कुंभार पिंपळगावच्या शाळेत त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं, आणि माझ्या वडिलांची समजूत घालून मला बी.एस्सी.ला पाठवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. भूत, भानामती, करणी... यातलं काही मी कधी मानलं नाही. गुरुजींचा विद्यार्थी मानेल तरी कसा? तरीही हे लिहितोय.

डिजिटल कॅमेरे लग्नांत नुकते दिसू लागले होते, तेव्हाची गोष्ट. गुरुजींना काचबिंदू झाला. एक डोळा गेलेला, दुसराही मंदावत चाललेला. भेटायला गेलो तर म्हणाले, "मृग नक्षत्रातला तेजोमेघ जन्मभर फळ्यावर खडूनं काढला रे. रंगात बघायचा राहून गेला."

दुर्बिणीतून तो डोळ्याला राखाडीच दिसतो. रंग उतरतात ते कॅमेऱ्यात. मी जालन्याला बियाणे कंपनीत नोकरीला. दुर्बीण माझीच होती. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राचा कॅमेरा मागून आणला, आणि भिंग काढून तो दुर्बिणीला बसावा म्हणून लेथवर एक कडं कातून घेतलं. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. एक छोटी मोटर दुर्बिणीला त्यांच्यामागे हळूहळू फिरवते. मोटर नसली की फोटोत ताऱ्यांच्या रेघा येतात.

चंद्र नको म्हणून मी माघातली अवस धरून गावी आलो. आई भडकलीच.

"अवसेला कुणी शेतात जातंय का? शिकून डोकं फिरलं काय तुझं?"

"आई, चंद्र नसतो म्हणून तर चाललो."

चुलतभाऊ दत्ता ट्रॅक्टर घेऊन सोबत आला. मोटरला वीज त्याच्याच बॅटरीची. कॅमेरा बघून हसला, "लगनाचा कॅमेरा आणून कुणाचं लगीन लावून राह्यला रे? चांदण्यांचं?"

दिवेलागण होऊन गेली आणि लोडशेडिंगनं गाव काळं झालं. मी मोटर लावली, मृगातल्या तीन ताऱ्यांच्या तिकांड्याखालचा तो धूसर ठिपका मधोमध धरला, बटण दाबलं. काही मिनिटं शटर उघडं. रातकिडे एकदम गप्प झाले असं मला वाटलं – कदाचित वाटलंच असेल.

मग पडद्यावर चित्र उमटलं. गुलाबी, पंख पसरल्यासारखा मेघ... आणि भोवती एकेक तारा टाचणीच्या टोकाएवढा गोल. दत्तानं चपला काढून बाजूला ठेवल्या.

"अजून एक घेतो," मी म्हणालो.

"मंग थांब, वायर लावतो परत."

"परत म्हणजे?"

"मला वाटलं, ठिपका मधोमध धरला की मोटरचं काम झालं. बॅटरी उतरली तर सकाळी ट्रॅक्टर चालू व्हायचा न्हाई. काढून टाकल्ती ना."

"कधी?"

"तू बटण दाबायच्या आधीच की!"

टॉर्च मारला. वायरीची टोकं खरंच मातीत पडलेली. मुद्दाम मोटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचे आणखी फोटो घेतले. सगळ्यांत रेघा. पुण्याच्या एका जाणकाराला दाखवलं तर म्हणाला, मोटर चालूच असणार. दत्ता आईची शपथ घेतो. मला आजही उत्तर माहीत नाही.

मोठी प्रिंट काढून मी गुरुजींना पाठवली. सोबतचं पत्र हे –

ती. स्व. गुरुजींस शि. सा. नमस्कार.

मृगातला तेजोमेघ पाठवत आहे. दुपारी अंगणात, उन्हाकडे पाठ करून बघावा. फोटो घेताना मोटर बंद होती. तारे तरीही जागचे हललेले नाहीत. असं का झालं, मला सांगता येत नाही, आणि तुमच्यापासून लपवणंही जमत नाही. तुम्हाला कारण सुचलं नाही तरी चालेल. दिसला, एवढं मात्र कळवा.

तुमचा,
रामेश्वर