कागदाच्या रकान्यातली टोपली

कुठलाही कागद हातात आला की बडे बाबू आधी त्याचा डावा कोपरा फाडून जिभेवर ठेवायचे. डोळे मिटून जरा चघळायचे आणि म्हणायचे, "धानाच्या तणसाचा आहे." नाहीतर, "चिंध्यांचा." मग कोपरा खिडकीतून थुंकून नोंदवही पुढे ओढायचे. आमच्या कचेरीतल्या निम्म्या कागदांना डावा कोपरा नव्हता.

असा एखादा कारकून तुमच्याही पाहण्यात आला असेल. नसेल तर तुमचं नशीब, कारण अशा माणसाच्या हाताखाली काम करणं म्हणजे डोक्याला ताप!

नागपूर राजधानी होती त्या वेळची गोष्ट. गोंदियात रेल्वे फाटकाजवळ आमची तीन टेबलांची कचेरी होती. गावोगावचे लहानमोठे कारखाने शोधायचे आणि प्रत्येकाला योग्य रकान्यात बसवायचं, हे आमचं काम. धानाच्या गिरण्या, बिडीचे कारखाने आपोआप बसत. भानगड व्हायची ती कागदाची. बिडीच्या पुड्यावरचं लेबल छापलं की ते छापखान्याच्या रकान्यात, पण कोऱ्या कागदाचं पाकीट चिकटवलं की कागदी वस्तूंत. पुठ्ठ्याचा डबा कागदात, आणि तोच डबा हलवायानं स्वतःच्या दुकानात केला तर मिठाईत. मला हे सगळं थोतांड वाटायचं. बडे बाबूंना नाही. त्यांचं एकच ठरलेलं वाक्य, "काय बनते ते मंग सांग. आधी कायचं बनते ते सांग."

एकदा पतंगवाल्यावरून गाडी अडली. बाबूंनी पतंग उसवला, कागद आणि काड्या वेगळ्या केल्या आणि सोनाराकडे जाऊन तोलून आणल्या. काड्या जड भरल्या. दोन दिवस माणूस कोणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पतंग कागदात लिहिला आणि मला म्हणाले, "मनाले पटून नाही राहिलं. पण बांबूवाल्यात तो एकटा पडला असता."

आता माझा पराक्रम ऐका.

त्या वर्षी आमगावची यादी माझ्याकडे होती. ऊन असं की विचारू नका. मी स्टेशनावरच चहा पीत बसलो आणि गावच्या कोतवालाला बोलावून तो सांगेल ते लिहून घेतलं. तो म्हणाला, "जयवंताबाई टोपल्या करते. तीन बाया अजून आहेत तिच्या हाताखाली." टोपल्या म्हटल्यावर विचारायचं काय? मी नाव बांबूच्या रकान्यात टाकलं. यादीवर बडे बाबूंची सही झाली, साहेबांची झाली आणि यादी नागपूरला गेली.

दोन-तीन महिन्यांनी एक पन्नाशीची बाई डोक्यावर टोपली घेऊन कचेरीत शिरली. तिनं हातातला कागद बाबूंच्या टेबलावर आपटला. जंगलखात्याच्या डेपोतून बांबू उचलायचा परवाना होता तो.

"मी जयवंताबाई, आमगावची. बांबू देऊन राहिले मले. का करू जी बांबूचं? मेथी टाकून उखळात कुटू?"

आपल्याकडे घरोघरी बायका करतात तशीच ती टोपली होती. जुना कागद भिजवायचा, मेथी घालून कुटायचा, तो लगदा पालथ्या मडक्यावर थापून वाळवायचा आणि आतून कागद चिकटवायचा. फक्त ही बाई चौघींच्या हातांनी दर बाजाराला टोपल्या विकायची. त्या दिवसांत कागदाची तंगी होती. कचेऱ्यांची रद्दी कागदाच्या रकान्यात नाव असेल त्यालाच द्यायची, असा आमच्याकडे हुकूम होता. म्हणजे माझ्या एका चहापायी चार उखळं बंद पडली होती.

बडे बाबूंनी टोपलीच्या काठाचा कपचा काढला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटले.

"मेथी जास्त झाली," ते म्हणाले.

"कीड नाही लागत मंग," बाई ठसक्यात म्हणाली.

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. "कायचं बनते, विचारलं होतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब म्हणाले, "यादी गेली आता. पुढच्या वर्षी बघू." बाई दारातच खाली बसली. "वरीसभर का कुटू जी? त्या तिघी रोज सकाळी येऊन बसतात. काम मांगतात. का सांगू त्यायले?"

यादी फिरवायची तर नागपूरला चूक कबूल करून लिहावं लागणार होतं. बडे बाबूंच्या यादीला इतक्या वर्षांत एकही दुरुस्ती लागली नव्हती. त्याच जोरावर त्यांना भंडाऱ्याच्या मोठ्या कचेरीत जागा मिळणार, हे जवळपास ठरलं होतं. लेक भंडाऱ्याला दिलेली, नातू नुकताच चालायला लागलेला. बाबू नातवाचं बोलायला लागले की थांबत नसत.

त्यांनी कागद ओढला आणि पत्राचा कच्चा खर्डा लिहायला घेतला. मी वाकून पाहिलं आणि म्हणालो, "बाबूजी, चूक माझी आहे. माझं नाव लिहा."

"तू नवीन आहेस. तुझी नोकरी जाईन. माझं भंडाराच जाईन."

"पण तुम्ही कायले..."

"सही माझी होय ना? न चाखता केली."

जयवंताबाईला रद्दी मिळाली. भंडाऱ्याची जागा दुसऱ्याला मिळाली. बाबू दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं भंडारा रोडला जात आणि संध्याकाळी परत येत. सोमवारी नातवाचे पराक्रम मला ऐकवत. त्या गोष्टीबद्दल एका शब्दानं कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं मला. मी मात्र तेव्हापासून गावोगाव फिरलो, उंबरठ्याच्या आत जाऊन विचारलं, आणि खोटं कशाला सांगू, कागद चाखलेही.

निवृत्त झाल्यावर ते भंडाऱ्याला जाणार होते. सामान बांधलं होतं. त्याच आठवड्यात गोंदियातच गेले.

पुढं काही दिवसांनी जयवंताबाई कचेरीत आली. बडे बाबूंसाठी टोपली आणली होती. बाबू गेल्याचं मी सांगितलं तशी ती दारातच बसली, तेव्हा बसली होती तिथेच. मग टोपली माझ्या टेबलावर ठेवली. "आता वापस कुठं नेऊ? तुमीच ठेवा जी," म्हणाली.

घरी येऊन टोपली उजेडात धरली. आतून आमच्याच कचेरीच्या जुन्या रद्दीचे कागद चिकटवले होते. बाईला वाचता येत नव्हतं. तळाशी डावा कोपरा नसलेला एक कागद होता. त्या पत्राचा कच्चा खर्डा.

त्या टोपलीत आम्ही पोहे ठेवतो. अर्धे झाले की मी लगेच नवे आणून ओततो. बायको वैतागते, "आहेत ना अजून! काऊन आणून राहिले?"

तिला काय सांगू? तळाशी बाबूंच्या अक्षरात लिहिलं आहे, 'चूक माझी आहे.' आणि ती माझी होती.