समुद्रातला टिपका

वाशीतल्या आमच्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसात तेव्हा एकच नवलाई होती, जीपीएस रिसीव्हर. त्याचा अँटेना खिडकीच्या गजाला बांधलेला असे आणि सीरियल केबलमधून दर सेकंदाला आकड्यांची एक ओळ कॉम्प्युटरवर येई. ती ओळ वाचून नकाशावर आपली जागा दाखवणारा प्रोग्रॅम मी आणि माझा भागीदार लिहीत होतो. भागीदार सारसोळ्याचा, कोळ्याचा मुलगा.

त्या दिवशी तो वडिलांना हृदयाच्या डॉक्टरकडे दाखवून, त्यांना घेऊनच परस्पर ऑफिसात आला. त्यांना, म्हणजे काकांना, आदल्या वर्षी झटका आला होता. होडीवर पुन्हा जायला मिळेल, या एकाच आशेवर त्यांनी सगळी पथ्यं पाळली होती. डॉक्टर नाही म्हणाले. आता कधीच नाही. काका माझ्या खुर्चीत बसले, पुढ्यातला चहा त्यांनी निवू दिला. मला फार वाईट वाटलं. अशा वेळी काय बोलावं ते मला आजही कळत नाही, म्हणून मी आपला प्रोग्रॅम चालू केला.

टिपका उमटला तो थेट अरबी समुद्रात, मुंबईच्याही पलीकडे.

"यो टिपका म्हंजी आपुन?" काकांनी विचारलं.

"हो, आपणच."

ते पुढे सरकले. तिथे पाणी किती खोल, या दिवसांत वारा कुठून, जाळं कधी टाकायचं, सगळं सांगत सुटले. बोलता बोलता गार चहाही पिऊन टाकला.

त्या काळी अमेरिकेचं लष्कर आपल्या जीपीएस उपग्रहांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम थोडी चूक मिसळायचं, त्यामुळे आमच्या प्रत्येक गाढवपणाचं खापर आम्ही बिनदिक्कत अमेरिकेवर फोडायचो. पण एवढी मोठी चूक? भागीदाराने आलेली ओळ नीट पाहिली आणि कपाळावर हात मारला. रिसीव्हर अंश आणि मिनिटं सलग जोडून पाठवतो. बहात्तर अंश एकोणसाठ मिनिटं म्हणजे ७२५९. मिनिटांना साठाने भागायचं सोडून आम्ही मधे नुसतं दशांशचिन्ह ठोकून दिलं होतं. त्यामुळे ७२.९८ चं ७२.५९ झालं आणि टिपका पश्चिमेला समुद्रात सरकला.

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, थांब म्हणून. पण चूक दिसली की त्याला दम निघत नाही. त्याने प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि टिपका वाशीत आला, आमच्याच गल्लीत.

"जमलं!" तो ओरडला.

 काका खुर्ची मागे सारत म्हणाले, "मना घडीभर तिथंच ऱ्हाऊ द्याचा व्हता, पोरा."