मंजूर म्हणण्याआधी

कालव्याच्या कडेनं निम्मी वाट झाली असेल, तेव्हा सारजाताई म्हणाली, "माझ्याच सहीनं शाळा बंद पडली तर श्रेयाला काय तोंड दाखवू?"

एसटी चुकली होती, म्हणून आमच्या भागातल्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांना गाठायला आम्ही पायीच निघालो होतो. शेजारून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. एकेक ट्रॉली आली की आम्ही गवतात उतरायचो.

सणसरकडच्या आमच्या वस्तीवर चौथीपर्यंतची शाळा आहे. पट चौदा. तिच्या व्यवस्थापन समितीची सारजाताई अध्यक्ष आणि मी साधी सदस्य. गेल्या महिन्याच्या सभेत दादासो गुरुजींनी "पट कमी असल्यामुळे" एवढं वाचलं, तोच मागून माझे सासरे संभाजीतात्या म्हणाले, "मंजूर." मग सगळेच म्हणाले. आमच्याकडं कारखान्याच्या वार्षिक सभेत हेच चालतं. विषय संपायच्या आत मंजूर, मग चहा. तीच सवय शाळेत आली. गुरुजींनी पुढचं भराभर वाचलं, ताईनं सही केली, तिच्याखाली मी केली. आमची शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिसळायला समितीची हरकत नाही, असा तो ठराव होता. म्हणजे आमची पोरं रोज याच ट्रॉल्यांच्या रस्त्यानं चालणार.

हे कळलं श्रेयामुळं. ताईची ही लेक तिसरीत आहे. तिनं शाळेच्या भिंतीवर आईचं नाव वाचलं आणि घरी येऊन विचारलं, "आई, अध्यक्ष काय करती?"

"सही करती."

"अन् आजून?"

दुसऱ्या दिवशी ताईनं गुरुजींनाच विचारलं. त्यांनी कपाटातून कायद्याची झेरॉक्स काढून दिली आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

ताईचं माहेर लोणी भापकर, शिक्षण सातवी. बारामतीच्या बाजाराला मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिनं ती पानं वाचली. मग माझ्या ओट्यावर येऊन मलाही ऐकवली. समितीत चारातले तीन पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात. शाळा नीट चालते का ते बघायचं, तिच्या विकासाचा आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठं लागलं यावर लक्ष ठेवायचं.

"नुसती सही करा, असं कुठंच लिव्हलेलं न्हाय गं," ती म्हणाली. तेवढ्यावर न थांबता तिनं सभेची वही मागवली आणि तो ठराव सापडला. मग तो थांबवायचा अर्ज तिनं लिहिला.

चालता चालता ती स्वतःलाच हसत होती. "मेथीत एक पिवळं पान जाऊ देत न्हाय मी. अन् हितं आख्खी शाळा जाऊ दिली."

वळणावर मरीआईचं ठाणं लागलं. मी हात जोडले. ताई म्हणाली, "माझ्या वाटचंबी माग. माझ्या हातात अर्ज हाय."

केंद्रप्रमुख भले निघाले. अर्ज वाचून म्हणाले, "ठराव सोमवारी तालुक्याला जाणार होता. बाई, अध्यक्ष तुम्हीच ना? सही तुमचीच ना?"

"व्हय साहेब. न वाचता केली. चूक माझी हाय."

एवढं सरळ उत्तर ऐकून त्यांनाच पाणी प्यावं लागलं. म्हणाले, "शनिवारी सभा घ्या. समितीचं म्हणणं वेगळं असेल तर नवा ठराव आणा, तोवर हा मी थांबवतो. पण त्यावर सूचक हवा, अनुमोदक हवा, नि चर्चा काय झाली तेही लिहा."

परतताना ताईच्या चालीला वेग आला. तिला गाठता गाठता मला दम लागला.

"सूचक प्रयागबाई हुतील," ती म्हणाली. समितीतल्या प्रयागबाईंचा नातू पहिलीत आहे, आणि त्या गावात कुणाला भीत नाहीत. मग ताई थांबली आणि माझ्याकडं वळली. मी सभेत आजवर कधी तोंड उघडलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

"अनुमोदक तू हो. नुसतं नाव न्हाय घालायचं. उभं राहून सांगायचं, शाळा हितंच का पायजे ते. तुझे तात्या पुढं बसलेले असतील, तरीबी. करशील न्हवं?"