दिरावरचा संशय

लातूरच्या ट्युशन एरियात माझं गॅरेज होतं. क्लासच्या मुलींची ने-आण करणाऱ्या एक ताई आपला इलेक्ट्रिक ऑटो घेऊन आल्या. दिव्यांची लहान बॅटरी सारखी उतरत होती.

"दीरच काहीतरी करायलाय," त्या म्हणाल्या. "मी ऑटो चालवलेला त्याला पटत न्हाई."

मलाही तसंच वाटलं. पण मीटर लावला, तर ऑटो चालवणारी मोठी बॅटरी भरलेली होती आणि ऑटो चालू करूनही लहान बॅटरीचं व्होल्टेज वाढेना. म्हणजे मोठीची वीज लहान बॅटरीला देणारा कन्व्हर्टर बंद होता. उघडला, तर आत पाणी शिरून गंजलेला.

"ऑटो पाइपानं कोण धुतं?"

"मीच," त्या म्हणाल्या.

मी नवा कन्व्हर्टर बसवून दिला. संध्याकाळी दीर स्वतःच आला.

"माझंच नाव घेतलं असंल तिनं."

"पाण्यानं गेलाय," म्हणत मी गंजलेला कन्व्हर्टर त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट पाहिला, पण मी तरी त्याच्यावर संशय घेतला नसेन, यावर त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.