एक आत गेला की दार बंद

शेजाऱ्यांचे किस्से आमच्या कॅनडातल्या एडमंटनच्या बर्फासारखे. रोज थोडे पडतात, आपण शोव्हल करून कडेला सारतो, आणि मार्चमध्ये बघावं तर डोक्याएवढा ढीग! माझ्याकडचा सगळ्यात मोठा ढीग शेजारच्या मुक्ताचा.

*

ती आणि तिचा नवरा नीरज राहायला आले, त्याच आठवड्यात मी शिरा घेऊन गेले. विचारलं, "कामाला कुठे गं?"

"युनिव्हर्सिटीत. उंदराचा शुक्राणू आणि अंडं एकमेकांत मिसळतात कसे, ते बघते."

"अगं, आमच्या सोलापूरच्या घरात ते कोणी न बघताच व्हायचं!"

*

एकदा म्हणाली, "काकू, नुसतं चिकटून भागत नाही. शुक्राणूवर एक प्रोटीन असतं. ते नसेल तर तो अंड्याला चिकटतो, पण आत मिसळत नाही. त्या प्रोटीनला जपानमधल्या एका देवळाचं नाव दिलंय. लग्नं जुळवणाऱ्या देवाचं."

"मग बोलून टाक की नवस!"

ती हसली. मग हळूच म्हणाली, "बोललेय."

तेव्हा मला कळलं. चार वर्षं झाली होती त्यांना मुलाची वाट बघून.

*

उणे तीसमध्ये ड्राइव्हवेवर उभं राहून तिने मला सांगितलं, "एक आत गेला की अंडं दार लावून घेतं. दुसऱ्याला एंट्री नाही."

"शहाणं आहे! आमच्या ह्यांना शिकव. गराजचं दार सताड उघडं टाकतात!"

*

जानेवारीत आमच्या बेसमेंटमध्ये हळदीकुंकू. मी मुक्ताची ओटी भरत होते, तेवढ्यात एक वहिनी बोललीच, "दिवसभर हिचं तेच काम, तरी घरी काही नाही?"

मुक्ताने पदरातला नारळ सावरला आणि म्हणाली,

"शिंप्याचाच सदरा फाटका असतो, वहिनी."

*

फेब्रुवारीत त्यांनी आयव्हीएफ केलं. तिची अंडी आणि नीरजचे शुक्राणू क्लिनिकमध्ये एका बशीत ठेवले. दुसऱ्या दिवशी फोन यायचा होता. भरदुपारी नीरजची गाडी घरी दिसली आणि मी काय ते समजले. मऊभात केला, बेल दाबली.

नीरजने दार जेमतेम किलकिलं केलं. "चिकटले, काकू. पण एकही आत गेला नाही. ती आज कोणाला भेटत नाहीये." आणि दार लावायला लागला.

आतून मुक्ताचा आवाज आला, "नीरज, दार एक आत गेल्यावर लावतात. अजून कोणी गेलेलं नाही. काकूंना आत घे."