फुटायचा राहिलेला पेला

आमच्या चिनीमातीच्या भट्ट्यांच्या गावात अशी कुजबुज होती, की उमेकावा शिगेनो संग्रहालयातला एक पेला चोरणार आहे. म्हातारी सारखी तिथे जाते आणि एकाच काचेपुढे खिळून राहते. तोफूवालीनं तर शपथेवर सांगितलं, की तिच्या किमोनोच्या बाहीत पेल्याच्या मापाचा चोरखिसा आहे.

सगळं खोटं. शिगेनोआजीला पेला चोरायचा नव्हता. फोडायचा होता.

पेला तिच्या नवऱ्याचा, तोकुझोचा. लग्नाच्या वर्षी त्यानंच चहाच्या पेल्यांची जोडी रंगवली होती. नवऱ्याचा मोठा, बायकोचा लहान, आणि दोन्हींवर लाल-सोनेरी डाळिंबाची तीच फांदी. म्हातारपणी संग्रहालयानं मोठा पेला मागितला, तेव्हा तोकुझोनं तो छाती फुगवून दिला. त्याच हिवाळ्यात तो गेला.

इकडे माणूस शेवटचा घराबाहेर निघाला, की त्याचा पेला दारात आपटून फोडतात. चहाच्या ओढीनं परत फिरू नये म्हणून. ते काम सुनेनं अंगावर घेतलं. सून फुकुओका शहरातली, हाताला भलती चपळ. फळीवर डाळिंबाचा पेला दिसला, तोच सासऱ्यांचा समजून तिनं उंबऱ्यावर आपटला. तो आजीचा होता.

"छान केलंस," तुकड्यांकडे बघत आजी म्हणाली. "यांना ठेवून घेतलंस आणि मला पोचवलंस."

सून रडली. मठातल्या गुरुजींनी नाकातून सांगितलं, की पलीकडे लहान-मोठं कुणी मोजत नाही. आजीनं मान डोलावली, पण पटलं काही नाही. संध्याकाळी किटली चढवली, की मागे चटईवर कुणीतरी गुडघे मोडून बसल्याचं तिला कळायचं. बसायला हरकत नव्हती. पण ते चहाची वाट बघत बसलेत, आणि पेला काचेत. प्यायल्याशिवाय उठणार कसे? दुसऱ्या पेल्यात द्या, असं शेजारणीनं सुचवलं. जिवंतपणी दुसऱ्या पेल्याला नाक मुरडायचे, आता काय पिणार, असं आजीनं तिलाच विचारलं.

म्हणून पेला परत मागायला ती संग्रहालयात खेटे घालायची. तिथले हिदाका साहेब दातांतून हवा ओढत बोलत. "स्स्... आपल्या भावना आम्हाला अगदी, म्हणजे अगदीच... स्स्... परंतु." परंतुच्या पुढे काही नाही, नुसती कंबरेतून वाकण्याची कवायत. गल्लीतलं प्रत्येक पोर हे हुबेहूब करून दाखवायचं, आणि आजी वाकणं अजून खोल हवं म्हणून चूक काढायची.

अखेर साहेब विरघळले. सुट्टीच्या दिवशी, खाली जाड रजई अंथरून, एकदाच हातात घ्या म्हणाले.

त्या सकाळी मी, गल्लीतलीच एक पोर, आजीबरोबर गेले. वाटेत तिच्याशी पैज लावली, की आज पेला फुटणार. गोड पुरणाच्या गरम बनची पैज. ती लगेच उलट्या बाजूला गेली. म्हणाली, "माझं काही होत नाही यावरच पैसा लावावा, पोरी. निदान खायला तरी मिळतं."

साहेबांनी पेला तिच्या ओंजळीत ठेवला. खाली रजई, पण भिंत हातभर अंतरावर होती. तिनं हात उचललाही. मग सवयीनं आत डोकावली, आणि हात तिथेच राहिला.

"आतून घासलाय?"

"खास द्रावणानं," साहेब अभिमानानं म्हणाले. "स्स्... डागाचा मागमूस ठेवला नाही."

आत तोकुझोच्या चहाची तपकिरी रेघ असायची. तिला काथ्या लावू द्यायचा नाही तो. भांडणं व्हायची त्यावरून. आता आत पांढराशुभ्र, दुकानातल्यासारखा. तिनं वास घेऊन बघितला. कशाचाच नव्हता.

"हा यांचा नाही राहिला," ती म्हणाली. "हा फोडून कुणी सुटायचं नाही."

तिनं पेला रजईवर ठेवला. साहेबांना वाटलं, तिला कलेची माया आली. त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले.

पैज मी हरले. आजीनं बन तिथेच फाटकाजवळच्या गाडीवर मागून घेतला, उभ्यानं अर्धा खाल्ला आणि पुरण हल्ली कमी घालतात म्हणून कुरकुरली. उरलेला कागदात गुंडाळून बाहीत टाकला.

"यांना बन आवडत नाही," ती म्हणाली. "पण जाणार कुठे आता? खातील."